स्थिर अंक व खरें माप

प्रयोगशाळेंत डिजिटल मल्टिमीटर हातीं आला कीं पडद्यावर उमटेल तो अंक आम्ही विद्यार्थी निमूटपणें वहींत उतरून घेतों. काट्याच्या मीटरांत काटा नेमका कोठें आहे हें डोळ्यांनीं ठरवावें लागतें. येथें आयता अंक मिळतो, म्हणून मनांत संशय येत नाहीं. परंतु अंक स्थिर असणें ही एक गोष्ट व तो खरा असणें ही दुसरी. दोन्ही साधावयाच्या असतील तर मापापूर्वी यंत्राची मांडणी नीट केली पाहिजे.

प्रथम पल्ल्याचा विचार करूं. साध्या मीटरावर २, २०, २०० व्होल्ट असे पल्ले असतात. दीड व्होल्टाचा सेल २०० च्या पल्ल्यावर १.५ एवढाच दिसतो. २ च्या पल्ल्यावर दशांशानंतर तीन स्थळें मिळतात. 'मापाचा अर्धा टक्का अधिक शेवटचे २ अंक' अशी यंत्राची चूक दिलेली असेल, तर ते २ अंक २०० च्या पल्ल्यावर ०.२ व्होल्ट होतात, २ च्या पल्ल्यावर अवघे ०.००२. सबब, माप ज्यांत मावेल असा सर्वांत लहान पल्ला घ्यावा. अंदाज नसल्यास मात्र मोठ्या पल्ल्यापासून खालीं यावें.

वाणी तेल तोलण्यापूर्वी भांड्याचा धडा करितो; तसाच मीटराच्या तारांचाही करावा लागतो. आम्ही एकदां तारेच्या लहानशा वेटोळ्याचा रोध ०.७ ओहम लिहिला. मागाहून मीटराचीं दोन्ही टोंकें एकमेकांस टेकविलीं, तों पडद्यावर ०.२ ओहम! खरा रोध ०.५ च होता. आमची चूक ४० टक्क्यांची. अंक मुळींच हालत नव्हता, म्हणूनच आम्ही फसलों. सापेक्ष मापाचें बटण असेल तर टोंकें जुळवून तें दाबावें. नसेल तर वजाबाकी करावी.

आतां अंकांची थरथर. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. तिची गुणगुण मापांत शिरते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें. मापाचा काळ पूर्ण आवर्तनांइतका ठेविला, तर वरचा व खालचा भाग परस्परांस खोडून काढितात. मेजावरील मोठ्या मीटरांत हा काळ निवडतां येतो. १० आवर्तनें घेतल्यास ०.२ सेकंद लागतात, पण अंक शांत होतो. तेथें ६० आवर्तनांची मांडणी राहिली असेल तर ती बदलावी.

शेवटीं एक सूक्ष्म फसवणूक. १० व्होल्टांवर १० मेगओहमचे दोन रोध एकापुढें एक जोडले, तर प्रत्येकावर ५ व्होल्ट हवेत. परंतु मीटराचा स्वतःचा रोधही बहुधा १० मेगओहमच असतो. तो एकास समांतर लागतांच तेथें ५ मेगओहम उरतात, व मीटर ३.३३ व्होल्ट दाखवितो. अंक स्थिर, पण माप खोटें!

आणखी एक इशारा. लाल तार प्रवाहाच्या छिद्रांत असतां टोंकें विजेच्या दाबावर कधींही लावूं नयेत; फ्यूज उडेल, प्रसंगीं हातही भाजेल.

मीटर आम्हांस उत्तर देतो, परंतु आम्ही विचारलेल्या प्रश्नाचेंच. प्रश्न नीट विचारणें हें मापणाऱ्याचें काम आहे.