थॉमस डे : दृष्टिक्षेपात

कोण : नॉर्थ कॅरोलिना राज्यातील मिल्टन गावचे कारागीर. जन्म 1801, व्हर्जिनिया. मृत्यू 1861च्या सुमारास. आफ्रिकी वंशाचे, पण गुलाम नव्हे, तर जन्मतः स्वतंत्र.

व्यवसाय : कॅबिनेटमेकर, म्हणजे उंची फर्निचर घडवणारा सुतार. इमारतीचे लाकूडकाम करणाऱ्या सुतारापेक्षा हा धंदा वेगळा. डे मात्र दोन्ही कामे करत.

1830 : स्वतंत्र कृष्णवर्णीयांना बाहेरून राज्यात येण्यास आधीपासूनच कायद्याने बंदी. मिल्टनच्या गोऱ्या रहिवाशांच्या अर्जानंतर डे यांच्या पत्नी अक्विला यांना विधिमंडळाची खास सूट.

1848 : गावातील 'युनियन टॅव्हर्न' ही इमारत खरेदी, तेथेच घर आणि कारखाना.

1850 : राज्यातील सर्वांत मोठ्या फर्निचर कारखान्यांपैकी एक. वाफेच्या इंजिनावर चालणारी यंत्रे. कामगारांत गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि डे यांच्या मालकीचे गुलामही.

लाकूड : महोगनी, अक्रोड. अनेकदा आत स्वस्त लाकूड, वर महोगनीचा पातळ पापुद्रा (व्हिनियर).

ओळखखुणा :
- नागमोडी, वळणदार कोरीवकाम
- भरीव आकारांइतकेच मोकळ्या जागेला महत्त्व
- घरांच्या लाकूडकामात शेकोटीभोवतीच्या चौकटी आणि जिन्याच्या कठड्याचे गुंडाळीदार पहिले खांब

संग्रह : रॅले येथील नॉर्थ कॅरोलिना इतिहास संग्रहालयात मोठा संग्रह. वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत 2013मध्ये स्वतंत्र प्रदर्शन.

वास्तू : युनियन टॅव्हर्नला 1975मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा.