वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि पस्तीस हजारांचा तोटा
(पॉपमधला वाद्यवृंद : लेखांक ९)

बीच बॉइजचा ‘स्माइल’ १९६७ मध्ये अर्धवट कसा राहिला, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या गाण्यांचे शब्द लिहिणारा व्हॅन डाइक पार्क्स तोवर त्यातून बाहेर पडला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्सने त्याचा स्वतःचा पहिला अल्बम काढला, ‘साँग सायकल’. निर्माता लेनी वॉरोन्कर. बारा गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज, आणि खर्च मात्र त्या काळात डोळे पांढरे करणारा.

पहिलंच गाणं घ्या. ‘व्हाइन स्ट्रीट’ हे रँडी न्यूमनचं. सुरुवातीला गिटार-बँजोच्या घाईतलं एक लोकगीत ऐकू येतं, वेगळ्याच माणसाच्या आवाजात. ते ऐन रंगात आलेलं असताना विरून जातं, तंतुवाद्यं पसरतात आणि पार्क्स आपल्या बारीक, काहीशा लाजऱ्या आवाजात सांगू लागतो की आत्ता ऐकलंत ती आमची जुनी टेप होती. म्हणजे ऐकणारा गाण्यात शिरतो तोच कुणाच्या तरी आठवणीत. पुढे ध्वनिमुद्रक ब्रूस बॉटनिकची एक करामत आहे. टेपयंत्रात टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर त्याने घड्या घातलेली चिकटपट्टी लावली. त्यामुळे टेपला बारीक हिसके बसत आणि वाद्यांचा सूर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरे.

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’शी तुलना झाली, प्रतिभेचे दाखले दिले गेले. लोकांनी मात्र पाठ फिरवली. मग कंपनीचे जाहिरातप्रमुख स्टॅन कॉर्निन यांनी एक अजब जाहिरात छापली. ‘वर्षातल्या सर्वोत्तम अल्बम’वर आपण ३५,५०९ डॉलर कसे घालवले, असा तिचा मथळा, शेवटी चडफडाटासह. पुढे तर ऐकून झिजलेली तबकडी आणि एक सेंट पाठवा, दोन कोऱ्या तबकड्या घ्या, एक मित्राला द्या, अशी योजनाही आली. पार्क्स संतापला. आपली कारकीर्दच संपवायला निघालेत, असं त्याला वाटलं. मला त्याचा राग रास्त वाटतो. ‘न खपणारा’ हा शिक्का खुद्द कंपनीनेच मारला, तर दुकानदाराने तो अल्बम दर्शनी भागात का ठेवावा? पुढचा ‘डिस्कव्हर अमेरिका’ यायला १९७२ साल उजाडलं.

पण दोष एकट्या जाहिरातीचा नाही. गौरव करणाऱ्यांनी अल्बमला वरचा क्रमांक दिला, तो ऐकायचा कसा हे फारसं सांगितलं नाही. इथे सूर धरून ठेवावा तर तो परतून येत नाही, शब्द श्लेषांनी इतके भरलेले की पहिल्या ऐकण्यात निम्मे निसटतात, आणि वाद्यवृंद कित्येकदा गायकावर कुरघोडी करतो. ही शेवटची तक्रार तर मलाही मान्य आहे. अडचणी आधीच मोकळेपणाने सांगितल्या असत्या, तर निदान काहीजण दुसऱ्यांदा ऐकायला थांबले असते.

कॅलिफोर्नियाची हार्पवादक-गायिका जोआना न्यूसम मात्र थांबली. हा अल्बम ऐकून तिने पार्क्सलाच आपल्या गाण्यांसाठी वाद्यवृंद रचायला सांगितलं आणि २००६ मध्ये ‘ईस’ आला. त्यात गाणी पाचच, त्यातलं एक जवळपास सतरा मिनिटांचं. पुढच्या आठवड्यात त्याविषयी. तोवर ‘व्हाइन स्ट्रीट’ हेडफोन लावून दोनदा ऐका, आणि दुसऱ्या वेळी फक्त तंतुवाद्यांकडे कान ठेवा.