तोर्रेने हरलेला डाव

शाळेत असताना एका जुन्या कोड्यांच्या पुस्तकातून मी तो डाव पहिल्यांदा पटावर मांडला. पांढऱ्याचा वजीर सरळ काळ्याच्या तोंडात जाऊन बसतो आणि काळ्याला तो मारता येत नाही. पुढच्या खेळीला वजीर दुसऱ्या घरात, तिथेही तेच. मग तिसऱ्या घरात. खाली छापलं होतं: अ‍ॅडम्स–तोर्रे, न्यू ऑर्लिन्स, १९२०. त्या वयात जिंकणाऱ्या अ‍ॅडम्सचं कौतुक वाटलं. हरणारा कार्लोस तोर्रे तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता, पाच वर्षांनी त्याने माजी जगज्जेत्या एमान्युएल लास्करला हरवलं आणि त्यानंतर वर्षभरातच स्पर्धा कायमच्या सोडल्या, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून गेलेला नाही.

तोर्रेचा जन्म १९०४ चा, मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातल्या मेरिडाचा. लहानपणीच तो घरच्यांबरोबर न्यू ऑर्लिन्सला आला. हे पॉल मॉर्फीचं गाव. त्यानेही बाविसाव्या वर्षी सगळ्या जगाला हरवून झाल्यावर पट मिटला होता. या गावात तोर्रेला एडविन झीग्लर अ‍ॅडम्स हे शिक्षक मिळाले. १९२४ साली त्याने डेट्रॉइटची आणि न्यूयॉर्क राज्याची स्पर्धा मारली, आणि पुढच्या वर्षी तो युरोपात पोचला. बाडेन-बाडेनला जेमतेम, पण पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनशी बरोबरी. मारिएनबादला तिसरा-चौथा. मग मॉस्को.

मॉस्कोची स्पर्धा १० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९२५. एकवीस खेळाडू, त्यांच्यात त्या वेळचा जगज्जेता कापाब्लांका, आणि सत्तावीस वर्षं जगज्जेतेपद सांभाळलेला, छप्पन्न वर्षांचा लास्कर. तोर्रेने स्पर्धा चालू असतानाच एकविसावं वर्ष पूर्ण केलं.

लास्करविरुद्धच्या डावातली पंचविसावी खेळी मी आजवर किती वेळा खेळून पाहिली असेल, मोजलेलं नाही. एका आडव्या ओळीत दोन टोकांना दोन्ही वजीर, आणि मध्ये तोर्रेचा उंट. तोर्रे तो उंट उचलतो आणि पुढे ठेवतो. वाट मोकळी होते, आणि लास्कर त्याचा वजीर मारतो. मग सुरू होते ती पवनचक्की. हत्ती राजापुढचं प्यादं खाऊन शह देतो, राजा कोपऱ्यात जातो. हत्ती बाजूला सरकतो, मागून उंटाचा शह. सरकता सरकता हत्तीने आणखी एक प्यादं खाल्लेलं असतं. हत्ती परत, पुन्हा शह, राजा पुन्हा कोपऱ्यात. या खेपेला लास्करचा उंट जातो. आणखी एक फेरा, आणि काळा वजीरच हत्तीच्या तावडीत सापडतो. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या राजाला दोन घरांत येरझाऱ्या घालण्यापलीकडे काही करता येत नाही. त्या स्पर्धेत तोर्रे तार्ताकोवरबरोबर पाचवा-सहावा आला. कापाब्लांकाशी त्याने बरोबरी केली. स्पर्धेच्याच दिवसांत पुदोव्किन आणि श्पिकोव्स्की यांनी बुद्धिबळाच्या वेडावर एक छोटा मूकपट काढला. त्यात तोर्रेही दिसतो.

१९२६ च्या शिकागो स्पर्धेत तो शेवटच्या फेरीत एडवर्ड लास्करकडून (हा लास्कर वेगळा) हरला. त्या सकाळी त्याला दोन पत्रं आली होती असं सांगतात: वाग्दत्त वधूने दुसऱ्याशी लग्न केल्याचं एक, आणि पदवी नाही म्हणून विद्यापीठातली नोकरी नाकारल्याचं दुसरं. मग न्यूयॉर्कमध्ये त्याचं मन ढासळलं. भर रस्त्यातल्या बसमध्ये त्याने अंगावरचे कपडे काढले, हा किस्सा बुद्धिबळावरच्या पुस्तकांतून इतक्यांदा छापला गेलाय की मला त्याचा राग येतो. त्याच माणसाने खेळातलं कौशल्य कसं वाढवावं यावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. ती मात्र या किस्सेबाजांतल्या फारच थोड्यांनी उघडलेली दिसते. आजारी माणूस घरी परत गेला, त्याने दुसरं काम धरलं आणि तो जगला. १९३४ साली अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन मॉन्तेरेला त्याच्याशी दोन डाव खेळून गेला. १९७७ मध्ये त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला, आणि पुढच्या मार्चमध्ये मेरिडातच तो गेला. शिकागोनंतर जवळपास बावन्न वर्षं. ती वाया गेली असं म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आता त्या १९२० च्या डावाकडे. तो खरंच खेळला गेला का, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. तो स्पर्धेतला डाव नाही, आणि बुद्धिबळाच्या जगात अ‍ॅडम्स यांचं नाव त्या एका डावामुळेच टिकलं आहे. संशय घेणारे म्हणतात, तोर्रेने तो गुरूसाठी रचला.

मी पुन्हा पट मांडला. काळ्याच्या वजिराला मागच्या ओळीतला हत्ती सोडता येत नाही, म्हणून पांढरा वजीर बिनधास्त फिरतो. पण एकविसाव्या खेळीला अ‍ॅडम्स यांनी घाई करून बी-पट्टीतलं प्यादं खाल्लं असतं, तर काळ्याने उलट आपला वजीर देऊन पांढऱ्यालाच मागच्या ओळीत मात केली असती. म्हणून आधी बाजूचं प्यादं दोन घरं पुढे टाकून काळ्या वजिराला तिकडे ओढायचं, मग हत्ती वर घ्यायचा, आणि त्यानंतरच, तेविसाव्या खेळीला, तेच प्यादं खायचं. काळा वजीरही दर वेळी नेमक्या त्याच घरात जातो, जिथून पुढचा नजराणा शक्य होईल. हरणारा इतका अचूक हरत नाही. स्पर्धेबाहेर सहज खेळलेल्या डावात तर नाहीच.

मी संशय घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आधी दोघं खरोखर काहीतरी खेळले असतील, आणि मग मुलगा एकटा पटाशी बसला असेल. कोणतं प्यादं कुठे हवं, आपला वजीर कोणत्या घरात कोंडायचा, हे एकेक करून त्याने जमवलं, आणि काळ्या सोंगट्यांच्या बाजूला स्वतःचं नाव लिहिलं.