धातू आणि हाडाची सोयरीक

झिजलेल्या खुब्याच्या जागी धातूचा सांधा बसवणे किंवा पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात धातूचा खुंट रोवणे यात आता नवलाई उरलेली नाही. परंतु धातू शरीरात बसवणे वेगळे आणि शरीराने त्याला आपलेसे करणे वेगळे. परक्या वस्तूभोवती शरीर सहसा तंतुमय वेष्टण विणून तिला एकटी पाडते. असे वेष्टण हाड व सांधा यांच्यामध्ये आले, की सांधा सैल पडतो, पाऊल टाकताना कळ येते आणि रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. ती पहिलीपेक्षा अवघडही असते आणि खर्चीकही.

यावर एक मार्ग अमेरिकेत सापडला. व्हिएतनाम युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी शरीर नाकारणार नाही असा पदार्थ हवा, अशी गरज एका लष्करी अधिकाऱ्याने 1967 मध्ये लॅरी हेन्च यांच्यापुढे मांडली. फ्लोरिडा विद्यापीठातील या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये एक विशिष्ट काच तयार केली. तिच्यात शेकडा 45 भाग सिलिका आणि उर्वरित सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांची ऑक्साइडे होती. शरीरद्रवात या काचेतील सोडियम बाहेर पडतो, पृष्ठभागावर सिलिकेचा मऊ थर उरतो आणि त्यावर हाडातील खनिजासारखेच खनिज साचते. हाडाचे तंतू त्यात गुंतत जातात आणि सांधणी पक्की होते.

मात्र काच ठिसूळ. शरीराचा भार ती पेलू शकत नाही. भार धातूने वाहावा आणि सोयरीक काचेने जुळवावी, हा विचार त्यातूनच आला. अडचण अशी की, तापवल्यावर ही काच टायटॅनियमपेक्षा बरीच अधिक प्रसरण पावते आणि निवताना तितकीच अधिक आकसते. त्यामुळे लेपाला तडे जातात. अखेर बाजी मारली ती हाडातील खनिजाशी साम्य असणाऱ्या हायड्रॉक्सीॲपेटाइटने. त्याची भुकटी अतितप्त प्लाझ्माच्या झोतातून धातूवर फवारली जाते. असे लेपित खुबे 1980 च्या दशकाच्या मध्यास युरोपात वापरात आले.

येथेही निसर्गाने आपली किंमत वसूल केलीच. झोताच्या उष्णतेने भुकटीचा काही अंश विघटित होतो आणि तो शरीरात लवकर विरघळतो. लेप जाड झाला तर त्याचे पापुद्रे निघण्याचा धोका वाढतो. सुटलेले कण सांध्यात शिरले तर झीज वाढवतात.

मग लेपाचा लाभ खरोखर किती? याचे उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही. ते वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच मिळते. स्वीडनने गुडघ्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही 1975 मध्ये आणि खुब्याची 1979 मध्ये सुरू केली. नॉर्डिक देशांतील एक लाखाहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सिमेंटविना बसवलेल्या खुब्याच्या दांड्याचे आयुष्य या लेपाने वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ लेप निरुपयोगी आहे असा नव्हे. दांड्याचा आकार आणि त्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांनाही तितकेच महत्त्व आहे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

भारतात 2017 मध्ये वैद्यकीय साधनांसाठी स्वतंत्र नियमावली झाली आणि त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला मर्यादा घालण्यात आली. दोन्ही पावले स्वागतार्ह होती; परंतु किंमत बांधली म्हणजे गुणवत्ता सिद्ध झाली असे नाही. सांधा कोणत्या धातूचा, लेप कशाचा आणि तो किती वर्षे टिकला, याची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवणे बंधनकारक हवे. शल्यविशारदांच्या स्वेच्छेने चालणाऱ्या नोंदवहीवर विसंबून हे काम भागणार नाही. आयुष्यभराची पुंजी मोडून सांधा बसवून घेणाऱ्याला आपल्या हाडाशी कोणाची सोयरीक जुळवली जात आहे, हे जाणण्याचा हक्क आहे. तो हक्क नोंदींवाचून पोकळच राहील.