एक औषध, दोन न्याय

सेमाग्लुटाइड हे एकच द्रव्य मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ आणि स्थूलतेसाठी ‘वेगोव्ही’ या नावाने विकले जाते; आठवड्यातून एकदा पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली टोचावयाचे हे इंजेक्शन दोन्हींत तेच, परंतु मेडिकेअर या अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या दप्तरी पहिले मंजूर आणि दुसरे, केवळ वजन उतरविण्यासाठी लिहून दिलेले असल्यास, नामंजूर, अशी वहिवाट पडली.

या भेदाचे मूळ 2003 च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने घरी घ्यावयाच्या औषधांसाठी ‘पार्ट डी’ हा विभाग निर्माण केला खरा, पण वजन घटविणारी औषधे केस वाढविण्याच्या औषधांच्या पंक्तीस बसवून वगळली. पुढे 2013 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने स्थूलतेला रोग म्हणून मान्यता दिली, तरी कलम तसेच राहिले. मार्च 2024 पासून हृदयविकार जडलेल्या स्थूल रुग्णास वेगोव्ही मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्या व्याधीचा धोका औषधाने टळावा, ती जडेपर्यंत रुग्णाने थांबावे! हा न्याय मला निर्दय वाटतो.

मधुमेह्यांच्या बाबतीत मात्र 2022 च्या कायद्याने मोठा दिलासा दिला. इन्सुलिनसाठी दरमहा 35 डॉलरहून अधिक घेता येत नाहीत, आणि ही सवलत वर्षारंभीही लागू राहते. त्याच जानेवारीत ओझेम्पिक घेणाऱ्याला मात्र विमायोजनेच्या अटींप्रमाणे प्रथम स्वतःच्या खिशातून रक्कम भरावी लागते, जिची कमाल मर्यादा 2026 साठी 615 डॉलर आहे. योजनेच्या यादीतील औषधांवरचा वर्षाचा स्वतःचा खर्च 2,100 डॉलरला पोचला की पुढे काही द्यावे लागत नाही. सरकारने कंपन्यांशी घासाघीस केल्यामुळे मधुमेहावरील ‘जानुव्हिया’ या गोळ्यांची महिन्याची किंमत 527 वरून 113 डॉलरवर आली; सेमाग्लुटाइडची 2027 साठी 274 ठरली आहे. कंपन्यांची सवलतीची कूपने मात्र मेडिकेअरच्या लाभार्थ्यांना चालत नाहीत.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने, 2026 च्या मध्यापासून पात्र रुग्णांना दरमहा 50 डॉलरच्या हिश्शात वजनाची औषधे देण्याचे जाहीर केले. परंतु 2003 चे कलम त्यामुळे रद्द झालेले नाही.

अमेरिकेत मुलाबाळांकडे कायमच्या वास्तव्यास गेलेल्या मराठी आईवडिलांनी आणखी एक अट ध्यानी ठेवावी: ज्यांनी अथवा ज्यांच्या जोडीदाराने तेथे नोकरी केलेली नाही, अशा ग्रीनकार्डधारकांना पासष्टी उलटल्यावरही सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच, तेही हप्ता भरून, मेडिकेअर घेता येते. एकदा ती मिळाली, की दरसाल 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या मुदतीत आपले औषध पुढील वर्षाच्या यादीत आहे की नाही, हे तपासून योजना बदलता येते.