डबा संपला, पुढे काय?

पेठ तालुक्यातील पाड्यांवर बहुतेक मुले अंगावर पिऊनच वाढतात. त्यामुळे पावडरीच्या दुधाचा प्रश्न आमच्याकडे क्वचित येतो. पण येतो तेव्हा मोठा होऊन येतो. गेल्या हिवाळ्यात अंगणवाडीताई एका आजींना घेऊन शाळेत आल्या. सुनेच्या दुखण्यामुळे बाळाचे अंगावरचे दूध दुसऱ्याच महिन्यात तुटले होते. तेव्हापासून बाळ डब्यावर होते आणि आता वर्षाचे झाले होते. "गुरुजी, दुकानात तीन नंबरचा डबा घ्या म्हणतात. घरी गाय आहे, तिचं दूध चालेल का?" आजींनी विचारले. त्यांनी न सांगितलेली गोष्ट ताईंनी हळूच सांगितली. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून गेले दोन महिने पावडर निम्मीच घातली जात होती.

चालेल की नाही याचे उत्तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी लगेच दिले: चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही तेच आहे. अंगावर न पिणाऱ्या मुलाला पहिल्या वाढदिवसानंतर जनावराचे साधे दूध द्यावे. वर्षानंतरच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास पावडरींची गरज नाही. पण मग आजींचा पुढचा प्रश्न रास्तच होता. "आज चालतं, तर सहा महिन्यांपूर्वी गायीचंच मुख्य दूध का नको म्हणालात?" वर्षाची ही रेघ कोणी आणि कशावरून आखली, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे.

गायीचे दूध वासरासाठी असते. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, आपल्या बाळाला त्यासाठी सुमारे पाच महिने लागतात. ही घाई दुधात दिसते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम, तर गायीच्या दुधात ३ ग्रॅमहून अधिक असतात. जास्तीची प्रथिने शरीरात मोडली की युरिया तयार होतो, आणि तो क्षारांबरोबर लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी लागते. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना मोठ्यांइतकी दाट लघवी करता येत नाही. ताप किंवा जुलाब झाले की त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. वर्षाच्या सुमारास मूत्रपिंडे या कामाला बरीचशी तयार झालेली असतात.

डब्यातली पावडरही मुळात गायी-म्हशींच्या दुधाचीच. प्रथिने कमी केलेली, बरीचशी चरबी बदलून वनस्पती तेले घातलेली, वर लोह आणि जीवनसत्त्वे. आपल्याकडे म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यास बसवली.

पण खरी मेख लोहाची आहे. मूल जन्माला येताना यकृतात लोहाची शिदोरी घेऊन येते. ती सुमारे सहा महिने पुरते. १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस सांगते. गायीच्या एका लिटर दुधात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. वर्गात हे गणित घालून पाहा: नुसत्या दुधातून ८ मिलिग्रॅम मिळवायचे, तर १६ लिटर दूध प्यावे लागेल! शिवाय दुधातील कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातील लोहही नीट शोषू देत नाहीत, आणि दुधाने पोट भरलेले मूल जेवतही नाही. तान्ह्या बाळांत कच्च्या दुधाने आतड्यातून नकळत रक्तही झिरपते, ते निराळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील १०० पैकी ६७ मुलांत रक्तक्षय आढळला. त्याला दूध जबाबदार नाही. पण अशा मुलांच्या देशात 'दूध म्हणजे पूर्णान्न' हे पाठ्यपुस्तकी वाक्य वर्गात उच्चारण्यापूर्वी जरा थांबावे, असे मला वाटते.

म्हणजे वर्षानंतर दूध बदलते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची जागा बदलते. आधी दूध हेच जेवण होते, आता ते जेवणाबरोबरचे होते. किती द्यावे? मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि ४०० मिलिलिटर दुधात ते जवळजवळ सगळे येते. आजींचा पेला आम्ही शाळेच्या विज्ञानपेटीतल्या मोजपात्राने मोजला; १८० मिलिलिटर भरला. दिवसाला दोन पेले, फार तर अडीच. त्यांची गाय डांगी. ही जात मुसळधार पावसात नांगर ओढणाऱ्या बैलांसाठी सांभाळलेली, दूध बेताचेच. पण एवढे दूध तिच्याकडून सहज मिळणार होते.

दूध उकळून द्यायचे, आणि पाणी न घालता. म्हशीचे दूध जड पडले तर थोडी साय काढावी; पाणी घातले की स्निग्धांशाबरोबर बाकी सगळेच पातळ होते. निम्म्या पावडरीचे तेच झाले होते: पोट भरत होते, वजन वाढत नव्हते. विकतच्या पिशवीवर स्निग्धांशाचा आकडा वाचावा. टोण्ड दुधात तो ३ टक्के असतो, डबल टोण्डमध्ये दीड. म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते स्वस्त करण्याची ही युक्ती १९४० च्या दशकात मुंबईत दारा खुरोडी यांनी रुजवली. शहराच्या दृष्टीने ती मोठीच सोय होती. पण दोन वर्षांखालच्या मुलाच्या वाढत्या मेंदूला चरबी हवी असते, त्याला डबल टोण्ड नको. शेळीचे दूध पाजणाऱ्यांनी पालेभाजी आणि डाळ विसरू नये, कारण त्यात फोलेट फार कमी असते.

बदल आठवड्याभरात करावा: आधी एका वेळचे, मग दोन वेळचे. हवे तर तयार केलेले डब्याचे दूध आणि गायीचे दूध एकत्र करावे. पावडर मात्र गायीच्या दुधात कालवू नये. बाटलीही याच सुमारास सोडवून वाटी किंवा पेला द्यावा. अंगावर पुरळ, सारखी उलटी, शौचात रक्त असे दिसले तर दूध थांबवून डॉक्टरांकडे जावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा फार हडकुळ्या मुलाचे दूध त्यांना विचारूनच बदलावे.

उरले लोह. ते शोधायला पेठमध्ये लांब जावे लागत नाही: नागली, उडीद, अंडे, सुकी मासळी, वर लिंबू पिळलेले. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. आशाताईंकडचे लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर. नागलीची पेज मात्र घट्ट होते आणि मूल ती गिळत नाही म्हणून पातळ केली जाते, तेव्हा पुन्हा पाणीच पोटात जाते. यावर उपाय वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. नागलीला मोड आणून, वाळवून दळावे. घट्ट शिजवलेली पेज जरा निवली, की ते पीठ अर्धा चमचा घालून ढवळावे आणि पुन्हा एक उकळी द्यावी. मोडातले अमायलेज पिष्ट तोडते आणि पाणी न घालता पेज सैल होते. आम्ही हे करून दाखवले तेव्हा आजी म्हणाल्या, "मोडाची नागली आमच्या घरात आहेच की. ती बाळासाठी कोणी सांगितली नव्हती."