डोक्यावरून चढलेली कौलं

सकाळी 5:30
चौक गावाच्या बाजूला, डोंगराखालच्या वाडीतून काका निघतात. कमरेला कोयता, फडक्यात दोन भाकऱ्या आणि सुकट. रामबागेची चढण. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहूनच माथेरान चढला. मग वर साहेबांचे बंगले उठले. तशाच एका जुन्या बंगल्याची राखण काका करतात. मालकाने तो दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला काढलाय. काकांना महिना 12 हजार.

सकाळी 7:30
खराट्याने अंगण झाडून होतं. लाल मातीत जांभळांचा सडा. रात्री माकडं छपरावरून गेली, सात कौलं फुटली. काका बांबूची शिडी लावतात. "पाय वाशावर ठेवायचा, कौलावर नाही," मला सांगतात.

सकाळी 10:00
दस्तुरी नाका. मोटार इथंच थांबते, पुढे माथेरानात खासगी गाडीला बंदी. वाडीतल्या दोघीजणी चुंबळ ठेवून बंगल्यासाठी दहा-दहा नवी कौलं उचलतात. डोक्यावर पंचवीस किलो, वाट अडीच-तीन किलोमीटर. खेपेला 200 रुपये. कौल 30 रुपयांचं, बंगल्यापर्यंत 50 ला पडतं.

दुपारी 1:00
पाहुणे आले. बॅगा घोड्यावर. "काका, गाडी दारापर्यंत येत नाही का?" "नाही साहेब. इथं सगळं असंच येतं. गॅसपण." काका बॅगा उतरवून घेतात, पाणी देतात. मग मागच्या पडवीत भाकरी सोडतात.

दुपारी 3:00
फुटकी कौलं निघाली, नवी बसली. खाली भिंतीचा पोपडा सुटलाय. काका चुना-वाळू कालवून थापीने लिंपतात. भिंत जांभ्याची. जांभा ओल पितो आणि सोडतो. सिमेंट लावलं तर ओल आतच कोंडते. म्हणून दुरुस्तीतही चुनाच वापरला.

संध्याकाळी 6:00
कंदील पुसून ओटीवर टांगला. इथं वीज कधीही जाते. रात्रीचा माणूस आला, त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. उजेड आहे तोवर डोंगर उतरायला हवा.

मृगाला आठ दिवस उरलेत. बाकीचं छप्पर चाळायचंय. त्याची दोनशे कौलं अजून नाक्यावरच आहेत. म्हणजे वीस खेपा, चार हजार रुपये मजुरी. ती वर आली नाहीत, तर हा बंगला यंदाच्या पावसात गळणार.